कँटर नेमका कोणासाठी गातो? युरोपातल्या सिनेगॉगची ओळख, अगदी पहिल्यापासून

२ ऑक्टोबर २०२५ रोजी इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात एका सिनेगॉगवर हल्ला झाला आणि प्रार्थनेला आलेल्या दोघांचा जीव गेला. तो दिवस योम किप्पूरचा होता, म्हणजे उपवासाचा आणि क्षमायाचनेचा, ज्यू वर्षातला सर्वांत पवित्र दिवस. त्याआधी सहा वर्षं, ९ ऑक्टोबर २०१९ ला, जर्मनीतल्या हाले शहरात याच सणाला एका बंदूकधाऱ्याने सिनेगॉगचं दार फोडायचा प्रयत्न केला होता. दार टिकलं, आतली माणसं वाचली. बाहेर मात्र त्याने दोघांना मारलं.

अशा बातम्यांत सिनेगॉग, रब्बाय, कँटर हे शब्द येतात आणि जातात. दाराबाहेर काय घडलं ते आपल्याला कळतं, पण दारामागे ती माणसं काय करत होती हे कुणी सांगत नाही. आत गाणं चालू होतं. त्या गाण्याला युरोपात हजारएक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो समजला की त्या बंद दारामागच्या समाजाबद्दलही बरंच काही समजतं.

आधी सिनेगॉग म्हणजे काय

आपण 'ज्यूंचं मंदिर' असं म्हणून मोकळे होतो. त्यात थोडी गफलत आहे. ज्यूंचं खरं मंदिर एकच होतं, जेरुसलेममध्ये. तिथे बळी दिले जात, पुरोहितांचं घराणं होतं, आणि लेवी वंशातले गायक वाद्यांसह स्तोत्रं गात. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते उद्ध्वस्त केलं. बळी थांबले, पुरोहितांचं काम संपलं, आणि बळीची जागा प्रार्थनेने घेतली. प्रार्थनेला ठरावीक जागा लागत नाही, म्हणून हा धर्म त्या विध्वंसानंतरही टिकला.

सिनेगॉगमध्ये मूर्ती नसते. जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीत एक कपाट असतं आणि त्यात तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, चामड्याच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेले असतात. कपाटासमोर सतत तेवणारा दिवा असतो आणि तोरा वाचण्यासाठी एक चौथरा. जुन्या पद्धतीच्या सिनेगॉगमध्ये बायकांसाठी वेगळा सज्जा असतो.

इमारत नसली तरी चालतं. दहा प्रौढ माणसं मात्र लागतात. परंपरावादी लोक तेरा वर्षांवरचे पुरुष मोजतात, उदारमतवादी बायकांनाही मोजतात. या दहांच्या गटाला 'मिन्यान' म्हणतात. नऊ जमले तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत, मग डोक्यावर सोन्याचा घुमट का असेना. हा दहाचा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचा जीव त्यात आहे.

मग कँटर कोण? पुजारी?

नाही. आणि रब्बायसुद्धा पुजारी नाही. रब्बाय म्हणजे धर्मशास्त्राचा जाणकार: तो शिकवतो, प्रवचन देतो, काय चालेल आणि काय चालणार नाही याचा निर्णय देतो. प्रार्थना चालवणारा माणूस वेगळा असू शकतो. त्याला हिब्रूत हझान आणि युरोपीय भाषांत कँटर म्हणतात. त्याला दीक्षा लागत नाही, विशिष्ट कुळ लागत नाही. छोट्या गावात हे काम दुकानदार, शिंपी, शाळामास्तर असा कुणीही करी.

धर्मशास्त्र त्याला समाजाचा दूत मानतं. हे पद कसं आलं ते समजण्यासाठी छपाईच्या आधीच्या काळात जावं लागेल. पुस्तकं हाताने लिहिलेली आणि महाग. हिब्रू वाचता येणारे थोडे. म्हणून पद्धत अशी पडली की मुख्य प्रार्थना आधी प्रत्येकाने मनातल्या मनात म्हणायची आणि मग दूताने ती सगळ्यांच्या वतीने मोठ्याने पुन्हा म्हणायची. ज्याला एक अक्षरही येत नाही त्याने प्रत्येक चरणाच्या शेवटी 'आमेन' म्हटलं की त्याचीही प्रार्थना झाली. आज प्रत्येकाच्या हातात पुस्तक असतं, तरी ती मोठ्याने केलेली आवृत्ती चालूच आहे.

ऱ्हाइन नदीकाठच्या श्पायर, वर्म्स आणि माइन्त्स या तीन गावांत हे पद खूप मोठं झालं. तिथले प्रार्थना चालवणारे स्वतः कवी होते. अकराव्या शतकात वर्म्समध्ये मेईर बेन इत्झाक नावाचा हझान होऊन गेला. त्याने अरामी भाषेत रचलेलं 'अक्दामुत' हे नव्वद ओळींचं काव्य आजही शावुओत या सणाला म्हटलं जातं. वर्म्सचं पहिलं सिनेगॉग १०३४ सालचं. या तीन गावांतल्या ज्यू वास्तूंना युनेस्कोने २०२१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला.

सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी 'शुलखान आरुख' हा आचारसंहितेचा ग्रंथ लिहिला. प्रार्थना चालवणाऱ्याचे गुण त्यात दिले आहेत. आवाज गोड असावा हे आहेच, पण चारित्र्य निर्मळ असावं आणि लोकांना तो मान्य असावा हेही आहे. त्याच प्रकरणात एक नियम असा: एखादा कँटर प्रार्थना लांबवत असेल तर तो का लांबवतो ते पाहा. गोड आवाजात देवाची स्तुती करायला मिळते याचा त्याला आनंद असेल तर त्याचं कल्याण असो. पण लोकांनी आपला आवाज ऐकावा यात त्याला आनंद असेल तर ते निंद्य आहे.

मला या विषयात हा नियम सर्वांत मोलाचा वाटतो. गाणं दोन्ही वेळा तेच, सूर तेच, तान तीच. फरक कुणालाही बाहेरून दिसणार नाही असा. पुढची चारशे वर्षं युरोपातल्या सिनेगॉगमध्ये जे वाद झाले, त्यातले बरेचसे याच प्रश्नाभोवती फिरले.

चाल कोण ठरवतं?

इथे मराठी वाचकाचं काम सोपं आहे, कारण आपल्याला राग माहीत आहे. भैरव ऐकला की सकाळ कळते, यमन ऐकला की संध्याकाळ. चौकट ठरलेली असते आणि तिच्या आत गायक आपली वाट काढतो. सिनेगॉगच्या परंपरेत अशा चौकटीला 'नुसाख' म्हणतात. प्रार्थनेचे शब्द कित्येकदा तेच असतात. शुक्रवारी संध्याकाळी ते एका नुसाखमध्ये म्हणतात, साध्या मंगळवारी दुसऱ्या आणि नववर्षाच्या दिवशी तिसऱ्या. डोळे मिटून बसलेल्या जाणकाराला पहिल्या काही सुरांत कळतं की आज कोणता दिवस आहे.

पूर्व युरोपातल्या ज्यूंचा 'अहावा रब्बा' नावाचा एक प्रकार आहे. त्यात रिषभ कोमल, गंधार शुद्ध, मध्यम शुद्ध, धैवत आणि निषाद कोमल. आपल्याकडे हे स्वर बसंत मुखारीचे. म्हणून पहिल्यांदा ऐकतानाही ते गाणं आपल्या कानाला परकं लागत नाही. मात्र एवढ्यावरून 'हे आपल्याकडूनच गेलं' असं म्हणणं चूक ठरेल. स्वर सारखे असले तरी त्यांची चाल, ठहराव आणि मुळं वेगळी असू शकतात. असे स्वर पश्चिम आशियात, ग्रीसमध्ये, रोमेनियात आणि स्पेनमध्येही सापडतात.

तोरा वाचण्याची पद्धत याहून वेगळी आहे. तिथे प्रत्येक शब्दाच्या वर किंवा खाली खुणा ठरलेल्या असतात, प्रत्येक खुणेचा छोटा सूर ठरलेला असतो आणि मोकळीक जवळजवळ नसते. शिवाय त्या खुणा गुंडाळीवर लिहिलेल्या नसतात. वाचणाऱ्याला त्या आधी पाठ करून याव्या लागतात.

काही चालींना तर हात लावायचा नाही असा दंडक आहे. माइन्त्सचे याकोव मोलिन (सुमारे १३६५ ते १४२७), ज्यांना महारिल म्हणतात, यांनी बजावलं की एखाद्या गावाच्या रूढ चाली बदलू नयेत. या मोठ्या सणांच्या चाली ऱ्हाइनकाठी बाराव्या ते पंधराव्या शतकांत घडत गेल्या. पहिल्या धर्मयुद्धाच्या वेळी, १०९६ मध्ये, याच गावांत ज्यूंच्या कत्तली झाल्या होत्या. त्या आठवणीच्या सावलीत हे सूर पक्के झाले आणि पुढे लोक पूर्वेला पोलंडकडे सरकले तेव्हा त्यांच्याबरोबर गेले. मोशेला जिथे तोरा मिळाला त्या सिनाय पर्वतावरून थेट आलेल्या चाली, असं लोक त्यांना मानत. इतिहास म्हणून ते खरं नाही, पण त्या चालींना किती मान होता ते त्यातून कळतं.

मग हे चर्चच्या संगीतासारखं का वाटतं?

व्हिएन्ना किंवा बर्लिनच्या सिनेगॉगचं गाणं ऐकून हा प्रश्न हमखास पडतो. चार आवाजांचा कॉयर, म्हणजे गायकवृंद, कधी ऑर्गन, सगळं व्हिएन्नाचा संगीतकार शूबर्ट याच्या काळातलं वाटतं. ते वाटतं, कारण ते त्याच काळातलं आहे.

एकोणिसाव्या शतकात ज्यूंना हळूहळू नागरी हक्क मिळू लागले. घेट्टोच्या, म्हणजे ज्यूंना सक्तीने राहायला लावलेल्या वस्त्यांच्या, भिंती पडल्या, मुलं विद्यापीठांत जाऊ लागली. घरी आल्यावर त्यांना जुनं सिनेगॉग गोंगाटाचं वाटू लागलं: प्रत्येक जण आपापल्या गतीने मोठ्याने पुटपुटतो आहे, हझान आणि त्याचे दोन साथीदार, एक कोवळ्या आवाजाचा मुलगा आणि एक खर्जातला गडी, मध्येच बाजारातली चाल घुसवताहेत.

सालोमोन झुल्त्सरने यात हात घातला. जन्म १८०४, ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाच्या होहेनेम्स गावात. १८२६ मध्ये व्हिएन्नाचं नवं सिनेगॉग उघडलं तेव्हा त्याला तिथे नेमलं. त्याने जुन्या चालींवरची नंतरची कलाकुसर काढून टाकली आणि त्या कॉयरसाठी नव्याने मांडल्या. 'शीर झियोन' या त्याच्या संग्रहाचा पहिला भाग १८४० मध्ये आला आणि युरोपभर वापरला गेला. फ्रान्झ शूबर्टने मृत्यूच्या काही महिने आधी, १८२८ मध्ये, त्याच्यासाठी ९२ वं स्तोत्र हिब्रूतच स्वरबद्ध केलं. पियानोवादक आणि संगीतकार फ्रान्झ लिस्ट झुल्त्सरचं गाणं ऐकून हेलावला आणि त्याने त्याबद्दल लिहिलं.

बर्लिनमध्ये हेच काम लुई लेवांडोव्स्कीने केलं. तो कँटर नव्हता, कॉयरचा संचालक होता. ओरानियनबुर्गर रस्त्यावरचं नवं सिनेगॉग १८६६ मध्ये उघडलं. तीन हजारांवर माणसं बसतील एवढं मोठं, सोनेरी घुमटाचं, आणि आत ऑर्गन. उद्घाटनाला प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क आला होता. लेवांडोव्स्कीने तिथे वेगळी गोष्ट साधली: त्याने लिहिलेल्या कॉयरच्या जागा सामान्य माणसाला सहज उचलता येतील अशा होत्या. त्यामुळे त्याची गाणी श्रोत्यांची न राहता गाणाऱ्यांची झाली. जगभरातल्या कित्येक सिनेगॉगमध्ये आजही लोक ती गातात आणि ती कुणाची आहेत हे त्यांना माहीतही नसतं. समाजाच्या दुताचं काम याहून चांगलं कुणी केलं असेल असं मला वाटत नाही.

म्हणजे चर्चची नक्कल झाली का? कॉयरची मांडणी भोवतालच्या संगीतातून आली हे उघड आहे. त्यात नवलही नव्हतं. मांतुआच्या दरबारातला ज्यू वादक सालोमोने रोस्सी याने थेट १६२२-२३ मध्येच हिब्रू स्तोत्रं इटालियन पद्धतीच्या अनेक आवाजांत बांधून व्हेनिसमध्ये छापली होती. पण झुल्त्सर आणि लेवांडोव्स्की यांच्या रचनांमध्ये कँटरचा एकट्याचा भाग येतो तेव्हा नुसाख पुन्हा वर येतो. बाहेरचा साज त्या काळाचा, आतली चौकट जुनी.

ऑर्गनवरून एवढं भांडण कशाला?

कारण तीन आक्षेप एकत्र आले. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, वाद्य वाजवायची मनाई आहे. वाजवताना ते बिघडलं तर माणूस नकळत दुरुस्त करायला बसेल आणि ते काम होईल, असा त्यामागचा विचार. दुसरं, जेरुसलेमचं मंदिर गेलं त्याचा शोक म्हणून प्रार्थनेत वाद्य नको. तिसरं, ऑर्गन म्हणजे चर्च.

सुधारकांचं म्हणणं होतं की जुन्या मंदिरात वाद्यं होतीच, मग आता का नकोत? १८४५ मध्ये फ्रांकफुर्टला भरलेल्या सुधारक रब्बायांच्या परिषदेने ऑर्गनला परवानगी दिली. बुडापेस्टच्या दोहानी रस्त्यावरचं सिनेगॉग, १८५९ सालचं आणि युरोपातलं सर्वांत मोठं, तिथेही ऑर्गन बसला. दुसऱ्या बाजूचे लोक सरळ वेगळे झाले. बर्लिनमध्ये १८६९ साली सुधारणांच्या विरोधकांनी आपला स्वतंत्र समाज स्थापन केला. आज बाहेरून पाहताना हे क्षुल्लक वाटेल. पण शेजाऱ्यांमध्ये मिसळायचं ते किती, आणि कुठे थांबायचं, हा प्रश्न त्यांच्यासाठी जगण्याचा होता.

'कोल निद्रे' म्हणजे शपथा मोडायची मुभा?

योम किप्पूरच्या आदल्या संध्याकाळी, सूर्यास्ताआधी, तोराच्या गुंडाळ्या हातात धरून माणसं उभी राहतात आणि कँटर 'कोल निद्रे' म्हणतो. तीनदा: पहिल्यांदा हलक्या आवाजात, मग जरा वर, मग पूर्ण आवाजात. वर्षभर सिनेगॉगकडे न फिरकणारी माणसंही त्या संध्याकाळी येतात.

गंमत अशी की त्याचा मजकूर प्रार्थनेचा नाहीच. अरामी भाषेतली ती कायदेशीर घोषणा आहे: आम्ही घेतलेले नवस आणि शपथा रद्द समजल्या जाव्यात. 'ज्यूंच्या शब्दावर विश्वास ठेवू नका' असं सांगायला द्वेष्ट्यांनी शतकानुशतकं हा मजकूर वापरला, आणि युरोपातल्या कोर्टांत ज्यूंना वेगळी, अपमानास्पद शपथ घ्यायला लावली जाई.

उत्तर साधं आहे. हे फक्त माणसाने स्वतःहून देवाला दिलेल्या नवसांपुरतं आहे. शेजाऱ्याला दिलेला शब्द, करार, कोर्टातली साक्ष यातलं काहीही त्याने सुटत नाही. दुसऱ्या माणसाचा केलेला अपराध योम किप्पूरही धुऊन काढत नाही. त्या माणसाकडे जाऊन माफी मागावी लागते. तरीही आरोपांना कंटाळून १८४४ मध्ये ब्राउनश्वाइगच्या परिषदेत सुधारक रब्बायांनी हा मजकूर काढावा असं ठरवलं. काही ठिकाणी त्याच चालीवर दुसरं स्तोत्र बसवलं गेलं. शब्द गेले तरी चाल सोडायला लोक तयार नव्हते. माक्स ब्रुख या प्रोटेस्टंट संगीतकाराने ती बर्लिनच्या कँटरकडून ऐकली आणि १८८१ मध्ये छापलेल्या आपल्या चेलोच्या रचनेत वापरली. जगातल्या बहुतेक लोकांनी 'कोल निद्रे' ऐकलं आहे ते त्या चेलोवर.

ही प्रार्थना की मैफल?

पूर्व युरोपात, वॉर्सा, ओडेसा आणि विल्ना या शहरांत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कँटर हा मोठा कलावंत झाला. त्याचं गाणं पश्चिमेपेक्षा मोकळं होतं. एकेका शब्दावर थांबायचं, तो वेगवेगळ्या प्रकारे आळवायचा, मध्येच हुंदक्यासारखी हरकत घ्यायची. गरीब माणूस आठवडाभर राबून येई आणि त्याच्या मनातलं गाऱ्हाणं कुणीतरी देवापुढे मांडतो आहे असं त्याला वाटे.

वॉर्साच्या त्लोमात्स्क्ये रस्त्यावरच्या १८७८ सालच्या थोरल्या सिनेगॉगचा गेर्शोन सिरोता हा त्यातला मोठा माणूस. लोक त्याला ज्यूंचा कारुसो म्हणत; कारुसो हा त्या काळचा सर्वांत गाजलेला इटालियन ऑपेरा गायक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रामोफोन आला आणि त्याच्या ध्वनिमुद्रिका घरोघर गेल्या. इथे कारोंचा जुना नियम पुन्हा आडवा आला. ओडेसाचे कँटर पिंखास मिन्कोव्स्की यांनी अशा ध्वनिमुद्रिकांना कडाडून विरोध केला. पवित्र शब्द कुठेही, कशाही स्थितीत, कुणाच्याही करमणुकीसाठी वाजणार, हे त्यांना सहन होत नव्हतं. त्यांचं म्हणणं मला पटतं. पण त्या तबकड्या निघाल्या नसत्या तर सिरोताचा आवाज आज आपल्याला कधीच ऐकू आला नसता, हेही तितकंच खरं.

युक्रेनमध्ये जन्मलेला योसेले रोझेनब्लाट हांबुर्गमार्गे १९१२ मध्ये न्यूयॉर्कला गेला. १९१८ मध्ये शिकागोच्या ऑपेराने त्याला एका प्रयोगाचे हजार डॉलर देऊ केले. आपल्या पदाला ते शोभणार नाही म्हणून त्याने ते नाकारलं.

मग हे सगळं गेलं कुठे?

९ आणि १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री नाझींनी जर्मनी आणि ऑस्ट्रियात चौदाशेहून अधिक सिनेगॉग आणि प्रार्थनागृहं जाळली किंवा फोडली. वर्म्सचंही जळलं. व्हिएन्नाचं झुल्त्सरचं सिनेगॉग वाचलं, त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. ते बांधलं तेव्हा फक्त कॅथलिक चर्चलाच रस्त्याकडे दर्शनी भाग ठेवायची मुभा होती, म्हणून सिनेगॉग राहत्या घरांच्या रांगेत दडवून बांधावं लागलं होतं. आग लावली तर शेजारची घरं जळतील म्हणून नाझींनी आतली मोडतोड केली आणि आग लावली नाही. बर्लिनच्या नव्या सिनेगॉगला आग लागली होती. तिथल्या पोलिसांनी जाळणाऱ्यांना हुसकावलं आणि अग्निशामक दलाने आग विझवली. पुढे १९४३ च्या बॉम्बवर्षावात मात्र त्याची मोठी नासधूस झाली.

सिरोता १९४३ च्या वसंतात, वॉर्सा घेट्टोच्या उठावाच्या दिवसांत, कुटुंबासह मारला गेला. उठाव मोडल्याची खूण म्हणून १६ मे १९४३ ला नाझी सेनानी युर्गेन श्ट्रोपने त्लोमात्स्क्येचं सिनेगॉग सुरुंगाने उडवलं.

साठ लाख ज्यू मारले गेले. युद्धाआधी युरोपात सुमारे ९५ लाख ज्यू होते, आज साधारण १३ लाख आहेत. संगीताच्या बाजूने पाहिलं तर याचा अर्थ असा: झुल्त्सरची पुस्तकं उरली, लेवांडोव्स्कीची उरली, तबकड्या उरल्या. पण नुसाख कागदावर पूर्ण उतरत नाही. तो बापाशेजारी उभं राहून मुलगा शिकतो, साथीदार म्हणून गाताना पोऱ्या शिकतो. गावंच्या गावं गेली तेव्हा त्या गावांच्या चाली त्या गळ्यांबरोबर गेल्या. पोलंडमध्ये नंतर काही सिनेगॉगांच्या इमारती दुरुस्त झाल्या, काहींचं भलतंच झालं. पोझनानच्या सिनेगॉगचा नाझींनी पोहण्याचा तलाव केला आणि तो २०११ पर्यंत तलावच राहिला. इमारत आहे, पण त्या गावात दहा माणसं जमत नाहीत, अशी स्थिती पूर्व युरोपात ठिकठिकाणी आहे. पैसे घालून घुमट परत उभा करता येतो. मिन्यान असा उभा करता येत नाही.

आज कोण गातं?

तरीही गाणं थांबलं नाही, आणि ते चालू ठेवणारी माणसं कित्येकदा भलत्याच ठिकाणाहून आली. एस्त्रोंगो नाखामा ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीचा, स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंच्या परंपरेतला. आउश्विट्झच्या नाझी मृत्युछावणीतून तो जिवंत बाहेर पडला, घरचे लोक पडले नाहीत. युद्ध संपताना तो बर्लिनजवळ होता आणि बर्लिनमध्येच राहिला. लेवांडोव्स्कीची जर्मन परंपरा त्याने शिकून घेतली आणि २००० साली मरेपर्यंत तीच गायली. बर्लिनच्या रेडिओवर त्याचं शुक्रवारचं गाणं अनेक वर्षं लागत असे. ज्या शहरातून त्याच्या माणसांच्या मृत्यूचे हुकूम निघाले, त्या शहराचं गाणं त्याने राखलं. हे मला कधीच सहज स्वीकारता आलेलं नाही. त्याच्याबद्दलचा आदर मात्र वाढतच जातो.

फ्रान्समध्ये आज युरोपातले सर्वाधिक ज्यू आहेत. त्यातले बरेच १९५० आणि ६० च्या दशकांत अल्जीरिया, मोरोक्को आणि ट्युनिशियातून आले, म्हणून पॅरिसच्या कित्येक सिनेगॉगमध्ये आता अरबी वळणाचे सूर ऐकू येतात. जर्मनीत १९९० नंतर सोव्हिएत संघातून आलेल्या कुटुंबांनी ओस पडलेले समाज पुन्हा भरले. त्यातल्या अनेकांना प्रार्थना पहिल्यापासून शिकावी लागली. अॅमस्टरडॅमच्या १६७५ सालच्या पोर्तुगीज सिनेगॉगमध्ये मूळ दालनात अजून वीज नाही; मोठ्या प्रसंगी शेकडो मेणबत्त्या लावतात.

बायकांचं काय? परंपरावादी सिनेगॉगमध्ये कँटर पुरुषच असतो, आणि पुरुषांनी प्रार्थनेत स्त्रीचा गाता आवाज ऐकू नये असा तिथला संकेत आहे. उदारमतवादी सिनेगॉगमध्ये हा संकेत गेला आणि जर्मनीत आज स्त्रिया कँटर आहेत. या वाटेवर पहिलं पाऊल रेगिना योनास यांचं: १९३५ मध्ये त्या जर्मनीत रब्बाय झाल्या, जगातल्या पहिल्या. १९४४ मध्ये आउश्विट्झला त्यांची हत्या झाली.

महाराष्ट्राचा धागा इथे थोडा जुळतो. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाने मुंबईत १७९६ मध्ये आपलं पहिलं सिनेगॉग बांधलं, पण त्यांची प्रार्थना युरोपातून आली नाही. त्यांना हझान आणि चाली मिळाल्या त्या प्रामुख्याने कोचीन, येमेन आणि बगदादकडून. पुढे १८८० च्या सुमारास त्यांनी बायबलमधल्या कथांवर चक्क मराठी कीर्तनं रचली, साकी-दिंडीसकट. भोवतालच्या संगीताला आपलंसं करण्याचं जे काम झुल्त्सरने व्हिएन्नात केलं, तेच इथे मराठीत झालं, फक्त सिनेगॉगच्या प्रार्थनेबाहेर.

प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर

युरोपात कुठेही आयत्या वेळी दार ढकलून आत जाता येणार नाही. मँचेस्टर आणि हालेनंतर ते का, हे सांगायला नको. काही दिवस आधी ईमेल करा, येण्याचं कारण लिहा, पासपोर्ट बरोबर ठेवा, दारावरच्या प्रश्नांचा राग मानू नका. पुरुषांनी डोकं झाकायचं; टोपी तिथे मिळते. परंपरावादी ठिकाणी स्त्रिया वेगळ्या बसतात. शब्बाथला फोन बंद, फोटो नाही, वहीत लिहिणंही नाही.

शुक्रवारची संध्याकाळ निवडा, ती छोटी आणि आनंदाची असते. 'लेखा दोदी' हे शब्बाथच्या स्वागताचं गाणं येईल. त्याच्या शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे तोंड करून उभे राहतात, तेव्हा तुम्हीही वळा. कँटरची एखादी जागा फार सुंदर गेली तर हात आपोआप टाळीसाठी उठतील, पण टाळी वाजवायची नाही. बाजूचे लोक 'आमेन' म्हणतील, तेवढं तुम्हीही म्हणू शकता.